घोडीले काय माहीत, वर कोन बठेल शे

डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि शहादा तालुक्यातल्या त्या गावात देशभरातून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा, सगळे. आमच्याकडे यात्रेला जायचं म्हणजे दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि घोडेबाजार बघायचा, दोन्ही आलंच. गिऱ्हाईक आधी घोड्याचं तोंड उघडून दात बघतं, मग अंगावरचे भोवरे शोधतं, कुठला शुभ आणि कुठला खोडीचा, मग पाय चाचपतं आणि शेवटी म्हणतं, चालवून दाखव. बाजारातली खरी मजा तिथून पुढे.

एका यात्रेत एका नुकऱ्या घोडीची चाल दाखवायला मालकाची मुलगीच वर बसली. सोळा-सतराची असेल, सलवार-कमीज, ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली. पाय ठेवायची रिकीब तिला लांब पडत होती तर तिने पाय काढूनच घेतले आणि नुसत्या मांडीच्या जोरावर घोडी रेवाल नावाच्या भरभर, न हिंदकळणाऱ्या चालीत काढली, वळवली, परत आणली, गिऱ्हाइकासमोर आणून जागच्या जागी उभी केली. लगाम ओढलेला मला तरी दिसला नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालंच, पोऱ्याले बसाड ना भो, म्हणजे मुलाला बसव ना. तर शेजारी उभे असलेले एक म्हातारे बाबा, डोक्याला फेटा, हातात चहाचा कप, एकदम शांतपणे म्हणाले, "घोडीले काय माहीत, वर कोन बठेल शे?"

घोडीला काय माहीत, वर कोण बसलंय! हे वाक्य मला फार म्हणजे फारच आवडलं. कारण बायका आणि पुरुष बरोबरीने खेळू शकतात असे खेळ कोणते, यावर आपण जे काही वाद घालतो त्याचं अर्धं उत्तर यात आलं.

बघा ना, ऑलिम्पिकमध्ये आज घोडेस्वारी हा असा खेळ आहे की बाई आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच यादीत, एकाच पदकासाठी उतरतात. वेगळा महिला गट नाहीच. कारण साधं आहे. साडेपाचशे-सहाशे किलोच्या जनावरापुढे साठ किलोची बाई काय आणि ऐंशी किलोचा बुवा काय, ताकदीने त्याला दोघंही वाकवू शकत नाहीत. तिथे लागतो तोल, मांड, घोड्याशी जमवून घेतलेली वर्षं, आणि घाबरल्यावर सुद्धा हात मऊ ठेवायची सवय. पण गंमत अशी की हे सगळं घोड्याला कधीपासून माहीत होतं, माणसांना मात्र १९५२ पर्यंत कळलं नाही. तोपर्यंत ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत बहुतेक लष्करी अधिकारीच उतरायचे. अधिकारी म्हणजे पुरुष, संपला विषय. १९५२ ला हेलसिंकीत ड्रेसाज हा प्रकार, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नजाकतीने करून दाखवायच्या, हा सगळ्यांना खुला झाला आणि पहिल्याच फटक्यात डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईने रौप्य पटकावलं. तिला १९४४ मध्ये पोलिओ झाला होता, गुडघ्याखाली पाय कामातून गेलेले, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. पायाने इशारा देता येत नाही अशी बाई धडधाकट फौजी अधिकाऱ्यांच्या पुढे जाऊन दुसरी येते! मग इतकी वर्षं तो दरवाजा नेमका कशासाठी बंद होता, सांगा बरं.

उड्यांचा प्रकार बायकांना १९५६ मध्ये खुला झाला, आणि तीन दिवस चालणारा इव्हेंटिंग, म्हणजे ड्रेसाज, रानातली दौड आणि उड्या असं तिन्ही, हा सगळ्यात धोक्याचा समजला जाणारा प्रकार १९६४ मध्ये. टोकियोत २०२१ साली ड्रेसाजच्या वैयक्तिक पदकांवर उभ्या होत्या तिन्ही बाया. आपल्याकडचं सांगायचं तर २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात भारताला सुवर्ण मिळालं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं, आणि त्या चौघांच्या टीममध्ये दोन मुली होत्या, सुदिप्ती हजेला आणि दिव्याकृती सिंह. सुदिप्ती इंदूरची. आमच्या शिरपूरहून आग्रा रोडने सरळ वर गेलं की इंदूर. म्हणजे हे काही परक्या मुलखातलं नाही.

दुसरा खेळ नेमबाजीचा. आणि याच्याबद्दल मला राग आहे, तो मी लपवत नाही.

धुळ्याला कॉलेजात असताना एनसीसीत फायरिंग असायचं. पॉइंट टूटू रायफल, खाली ग्राउंडशीट, पोटावर झोपायचं, डावं कोपर रायफलच्या खाली, दस्ता खांद्यात घट्ट. उस्ताद एकच सांगायचे, श्वास अर्धा सोड, थांब, मग ट्रिगर ओढू नको, दाब. पाच राउंड झाले की टार्गेटचा कागद काढून आणायचा आणि भोकं किती जवळजवळ पडलीत ते मोजायचं, त्याला ग्रुपिंग म्हणतात. ज्याची भोकं जितकी जवळ तितका तो भारी. मुलामुलींचे कागद एकत्र मांडले तर त्यावरून कोण कोणाचा ते कुणालाही ओळखता यायचं नाही. आमच्या बॅचची सगळ्यात छान ग्रुपिंग साक्रीकडच्या एका बारीकशा मुलीची असायची, उस्ताद तिचा कागद बाकीच्यांना दाखवायचे.

आता हेच वरच्या पातळीवर बघा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रायफलच्या एका प्रकारात अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि अमेरिकेचाच लॅनी बॅशम यांचे गुण अगदी सारखे झाले. नियमाने सुवर्ण बॅशमला गेलं, पण राष्ट्रगीत वाजायला लागल्यावर त्याने तिला हात देऊन वरच्या पायरीवर आपल्या शेजारी घेतलं. मग १९९२, बार्सिलोना. स्कीट नावाचा प्रकार, हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या शॉटगनने फोडायच्या. तोवर तो स्त्री-पुरुष दोघांना एकत्र होता. चीनच्या झांग शानने प्राथमिक फेऱ्यांत २०० पैकी २०० फोडल्या आणि पुढे सुवर्ण जिंकलं, सगळ्या पुरुषांना मागे टाकून. आणि पुढच्या ऑलिम्पिकला, १९९६ ला, स्कीट फक्त पुरुषांसाठी. महिलांचं स्कीट आलं थेट २००० साली. म्हणजे जी जगज्जेत्यांना हरवून सुवर्ण घेऊन गेली तिला पुढच्या वेळी आपलं पदक राखायला मैदानच नाही. यामागे समित्यांची काय कारणं होती ती असोत, पण त्या मुलीच्या बाजूने उभं राहून बघा. मला हे आजही पचत नाही.

आणि वेगळे गट केल्यावर बायका मागे पडल्या का? तर टोकियोच्या १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत, दोन्हीकडे साठच गोळ्या, नॉर्वेच्या जीनेट हेग ड्यूस्टाडने ६३२.९ गुण केले. पुरुषांत पहिला आलेला चीनचा यांग हाओरान ६३२.७. तिचे त्याच्यापेक्षा जास्त. पॅरिसला २०२४ मध्ये तिरंदाजीच्या रँकिंग राउंडमध्ये कोरियाची लिम सी-ह्यॉन ६९४ आणि पुरुषांत पहिला आलेला तिच्याच देशाचा किम वू-जिन ६८६, अंतर दोघांनाही तेच सत्तर मीटर. पुरुषांचा एकूण विक्रम अजून तिच्या पुढे आहे हेही खरंय, पुरुषांची धनुष्यं जास्त ताणाची असतात, वाऱ्यात त्याचा फायदा होतो. पण त्या दिवशी, त्या मैदानावर, जगातला सगळ्यात अचूक हात एका मुलीचा होता. आपली अंजली भागवत पण २००२ ला म्युनिकमध्ये पुरुष-महिला एकत्र असलेल्या चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स स्पर्धेत पहिली आली होती. मराठी माणसाला हे तोंडपाठ असायला हवं, आणि किती जणांना माहितीये?

आता कोणी म्हणेल की तू तुझ्या सोयीचे खेळ निवडतेयस. तर हो, निवडतेच आहे, कारण सगळे खेळ सारखे नाहीतच. १०० मीटर धावण्यात पुरुषांचा विक्रम ९.५८ सेकंद आणि बायकांचा १०.४९. हा फरक सरावाने जाणारा नाही, वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांमुळे स्नायू, हाडं, फुप्फुसं सगळ्यातच फरक पडतो. कुस्ती, कबड्डी, वजन उचलणं, भालाफेक, तिथे महिलांचे वेगळे गट हवेतच आणि ते टिकवायला भांडायला पण हवं, नाहीतर मुलींच्या वाट्याला काहीच उरणार नाही. बरोबरी म्हणजे सगळ्यांना एकाच आखाड्यात ढकलणं असं मी म्हणत नाहीये.

पण अंतर वाढवत नेलं, खूप वाढवत नेलं, की काहीतरी वेगळंच व्हायला लागतं. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहून गेली, तिच्याआधी पाच पुरुष गेले होते, आणि ती त्या पाचांतल्या सगळ्यात वेगवान माणसापेक्षा दोनेक तासांनी लवकर पोचली. २०१९ मध्ये सारा थॉमस ती खाडी न थांबता चार वेळा पोहली, चोपन्न तास पाण्यात, आणि हे तिच्याआधी कोणीच केलं नव्हतं, ना बाई ना पुरुष. वर्षभरापूर्वी तिचे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले होते. त्याच वर्षी जानेवारीत जास्मिन पॅरिस नावाची ब्रिटिश बाई २६८ मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबाने ४३० किलोमीटरची डोंगरातली शर्यत ८३ तासांत जिंकली, सगळ्या पुरुषांच्या पुढे, आधीचा विक्रम बारा तासांनी मोडून. आणि थांब्यांवर थांबून ती आपल्या चौदा महिन्यांच्या लेकीसाठी दूध काढून ठेवत होती. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

शास्त्र सांगतं की बायकांचं शरीर लांबच्या पल्ल्यात चरबी इंधन म्हणून चांगलं वापरतं, स्नायू तुलनेने सावकाश थकतात, थंड पाण्यात अंगावरची चरबी ऊब देते. असेल. त्यात झोपेशी भांडणं, पोट सांभाळणं, वेग आवरणं हे पण येतंच. आमच्याकडे सातपुड्यातल्या पावरा बाया डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन ज्या वाटा उतरतात त्या मी यावलकडे पाहिल्या आहेत, त्यांना कोणी शर्यतीचा फॉर्म आणून दिलेला नाही एवढंच. आणि पोहण्याचं म्हणाल तर आमच्या पिढीत गावातली सगळी पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली, सगळी म्हणजे पोरं. आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. १९५९ मध्ये कोलकात्याची आरती साहा इंग्लिश खाडी पोहून आलेली होती तरीही.

आता मी बुद्धिबळाकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते इथे. घोडा नाही, बंदूक नाही, स्नायू नाहीत, उंची नाही. चौसष्ट घरं आणि समोर माणूस. इथे तर शरीराचं कारणच संपलं. मग इथे बायका इतक्या कमी का?

महाराष्ट्राचा या बाबतीत मोठा इतिहास आहे आणि आपण तो विसरून बसलोय. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर, वय वर्षं तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना अडवता येणार नाही. एका मराठी मुलीमुळे झालं ते. पुढे हंगेरीची जुडिथ पोल्गार १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा सगळ्यात लहान ग्रँडमास्टरचा विक्रम मोडून. २००२ मध्ये जलद डावात तिने माजी जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, जगात आठव्या क्रमांकापर्यंत गेली. महिलांच्या जगज्जेतेपदाच्या वाटेला ती गेलीच नाही, ओपनमध्येच, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांना खुल्या असलेल्या गटातच खेळली. आणि २०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, एकोणिसाव्या वर्षी, जॉर्जियात बटुमीला भारताच्याच कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. पूर्ण ग्रँडमास्टर, पुरुषांना मिळतो तोच किताब. पण भारताच्या ग्रँडमास्टरांच्या यादीत ती अठ्ठ्याऐंशीवी, आणि त्या अठ्ठ्याऐंशीत मुली चारच.

२००९ मध्ये जर्मनीतल्या बुद्धिबळ खेळाडूंच्या रेटिंगचा, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या गुणांचा एक अभ्यास झाला होता. त्यात असं दिसलं की वरच्या शंभर पुरुष आणि शंभर बायकांमधला बहुतेक फरक हा नुसत्या संख्येने समजावता येतो, खेळणाऱ्या मुलीच इतक्या कमी की शिखरावर पोचणाऱ्या पण कमीच असणार. त्यावर नंतर वाद झाले, पण मला ते मनापासून पटतं. कारण संख्या कुठे गळते ते मी डोळ्यांनी बघितलंय.

माझी भाची भुसावळला असते, नववीत आहे. जळगावला स्पर्धा असली की मी तिच्यासोबत जाते. एकदा तिचा डाव एका रिटायर्ड काकांसोबत लागला होता, बँकेतून रिटायर्ड, रेटिंग तिच्यापेक्षा बरंच जास्त. ही वेणी पुढे ओढून टोक चावत बसते विचार करताना. चार तास चालला डाव. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी, घड्याळात हिची पाच-सहा मिनिटं उरलेली, काकांचीही तेवढीच. काकांनी बरोबरीचा प्रस्ताव दिला, हिने मान हलवून नाही म्हटलं, आणि पुढे पंधराएक चालींनी एक प्यादं वजीर करून डाव काढला. काकांनी उठून हात मिळवला आणि तिथेच उभं राहून तिला सांगितलं की बेटा, तुझा हत्ती सातव्या ओळीत आला ना, तिथेच मी गेलो. इतका सच्चा माणूस. हॉलमध्ये तिला कोणी मुलगी म्हणून कमी लेखलं नाही.

अडचण हॉलच्या बाहेर आहे. शेवटची फेरी संपायला रात्रीचे आठ वाजतात, मग भुसावळची गाडी. स्पर्धा पुण्याला असली तर तिच्या वयाची तीन-चार मुलं रात्रीच्या गाडीने एकत्र जातात, एकाच खोलीत चौघं राहतात, एकाचे बाबा सगळ्यांवर लक्ष ठेवतात, खर्च वाटला जातो. भाचीला जायचं तर आई सोबत हवी. म्हणजे दुसरं तिकीट, वेगळी खोली, वहिनीची रजा, घरी धाकट्याला कोण सांभाळणार हा प्रश्न. प्रत्येक स्पर्धा दुप्पट महाग. एका ठिकाणी तर स्पर्धेच्या जागी बायकांच्या संडासाला कडीच नव्हती, ही दिवसभर पाणी न पिता खेळली. आता तीन-तीन तास डोकं चालवायचं आणि पाणी प्यायचं नाही! दहावी जवळ आली की मुलाला म्हणतात, वर्षभर कमी कर. मुलीला म्हणतात, आता पुरे. असं करत करत शंभरातल्या नव्वद गळतात, आणि मग कोणीतरी टीव्हीसमोर बसून म्हणतं की बायकांचं डोकं बुद्धिबळात चालत नाही.

पोल्गार कायम सांगत आली आहे की मुलींनी ओपनमध्येच खेळावं, वेगळ्या गटात खेळून ध्येयच छोटं होतं. खेळाच्या दृष्टीने तिचं शंभर टक्के बरोबर आहे. पण उत्कृष्ट महिला खेळाडू म्हणून जे बक्षीस असतं ते काढून टाका असं कोणी म्हटलं तर मी विरोध करेन. का, तर त्या बक्षिसातून वहिनीचं तिकीट निघतं. आमच्या घरात त्या पैशाचा तोच उपयोग झालाय. सोबतीचा खर्च ज्या दिवशी मुलामुलींना सारखा होईल त्या दिवशी बक्षीस बंद करा, माझी काही हरकत नाही.

तोवर आमच्याकडच्या आयोजकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शेवटची फेरी पाचच्या आत संपेल असं वेळापत्रक ठेवा. मुलींना आणि त्यांच्या सोबतच्या बाईला राहायची एक सामायिक सोय करा, शाळेचा एक वर्ग आणि गाद्या असल्या तरी चालतील. संडासाला कडी लावा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलींचा एक ग्रुप करून एका प्रशिक्षक बाईसोबत त्यांना पाठवता आलं तर तीन घरांचा सोबतीचा खर्च एकाच तिकिटात भागेल. यातलं काहीच अवघड नाही, आणि मी स्वतः दोनेक घरांशी बोलले आहे. सुट्टीत पुण्याला स्पर्धा आहे, चोपड्याच्या आणि पाचोऱ्याच्या दोन मुली तयार आहेत, सोबत मी जाणार. भाचीने फॉर्म भरलाय ओपनचाच. फी भरताना दादा म्हणाला, महिलांचं बक्षीस पण मिळतं ना ओपनमध्ये खेळून? मिळतं, नियमात आहे तसं. मग त्याने पैसे पाठवले.